रांगेचा इतिहास आणि दोघांचं संकेतस्थळ

माझ्या संशोधनाचा विषय कळला की लोक साधारण दोन प्रश्न विचारतात. पहिला, "यात इतिहास कुठे आला?" आणि दुसरा, "यावर पीएचडी करता येते?" विषय असा: अमेरिकेतल्या फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे. तिथल्या सहलीचं नियोजन कसं करावं, हे सांगणारी स्वतंत्र संकेतस्थळं आणि मार्गदर्शक पुस्तकं गेल्या तीसेक वर्षांत उभी राहिली. त्यातली काही नवरा-बायकोंनी घरातून चालवली. कंपनीशी संबंध नाही, पगार नाही, कार्यालय नाही. हे काम नेमकं काय होतं, ते कशामुळे शक्य झालं आणि त्याची नोंद कुठे राहिली, हे मी शोधतो आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: येते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मात्र हा लेख लिहावा लागला. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांचे विषय असेच 'हलके' वाटणारे असतील. हलक्या विषयाला वजन कुठून येतं, ते या एका उदाहरणावरून बघू.

आधी प्रश्न, मग विषय

"थीम पार्कची संकेतस्थळं" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. विषयावर माहिती गोळा होते, प्रबंध होत नाही. प्रश्न असा हवा, की ज्याचं उत्तर आधीपासून ठरलेलं नसेल आणि जे चुकीचं ठरण्याची शक्यता असेल.

माझा प्रश्न असा: बागेत जायला तिकीट लागतं हे समजलं, पण बागेत *कसं* जायचं हे सांगणाऱ्याची गरज कधी आणि का निर्माण झाली?

गोराईचं एस्सेल वर्ल्ड आठवा. १९८९ मध्ये ते सुरू झालं. सकाळी बोटीनं जायचं, दिवसभर पाळण्यांत बसायचं, संध्याकाळी परत. त्यासाठी डबा, टोपी आणि थोडी सहनशक्ती पुरे. डिस्ने वर्ल्डचं तसं नाही. त्याचं क्षेत्रफळ शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. मॅजिक किंग्डम (१९७१), एपकॉट (१९८२), आज हॉलिवूड स्टुडिओज म्हणून ओळखला जाणारा पार्क (१९८९) आणि ॲनिमल किंग्डम (१९९८) असे चार मोठे पार्क, शिवाय पाण्याचे पार्क आणि वीसपेक्षा जास्त हॉटेलं. लोक पाच-सात दिवस राहायला जातात. एकट्या मॅजिक किंग्डमला २०१९ साली सुमारे दोन कोटी लोकांनी भेट दिली, असा या उद्योगाचा अंदाज आहे. एवढ्या गर्दीत चार वर्षांच्या मुलाला आणि सत्तर वर्षांच्या आजीला घेऊन फिरायचं, तर नियोजन लागणारच.

पण मोठेपणा हे अपुरं उत्तर आहे. मोठा तर तो १९७१ पासूनच होता. मग स्वतंत्र मार्गदर्शकांचं पीक नंतर का आलं?

पैसा, वेळ, माहिती

इथे मला तिकिटाच्या इतिहासाचा उपयोग झाला. सुरुवातीला डिस्नेच्या बागांत कूपनांचं पुस्तक मिळायचं. त्यात ए पासून ई पर्यंतच्या प्रती असत. साध्या गाडीला ए कूपन, सगळ्यात भारी राइडला ई कूपन. इंग्रजीत थरारक गोष्टीला 'ई-तिकीट' म्हणतात, ते यावरूनच. फ्लोरिडात ही पद्धत १९८२ पर्यंत चालली. त्यानंतर एकदा आत गेलं की सगळं खुलं.

हा बदल दिसतो किरकोळ, पण त्याचा अर्थ मोठा आहे. कूपन असताना लोकप्रिय राइडची किंमत पैशात मोजली जात होती. कूपन गेलं आणि त्या राइडला वेगळे पैसे पडेनासे झाले. मागणी मात्र तेवढीच राहिली. मग किंमत कशात मोजायची? वेळेत. रांग हेच चलन झालं.

एकदा रांग हे चलन झालं, की रांग टाळण्याची माहिती ही मौल्यवान वस्तू होते. बॉब सेहलिंगर यांचं 'अनऑफिशियल गाईड' १९८५ मध्ये आलं, म्हणजे कूपन गेल्यानंतर तीन वर्षांनी. कोणत्या राइडला कोणत्या क्रमानं जायचं याचे तयार आराखडे हे त्याचं वैशिष्ट्य. पुढे लेन टेस्टा यांनी या आराखड्यांना गणिताची जोड दिली. त्यांच्या संगणकशास्त्रातल्या पदव्युत्तर संशोधनाचा विषयच हा होता. फिरत्या विक्रेत्याचा प्रसिद्ध गणिती प्रश्न तुम्ही ऐकला असेल: सगळ्या गावांना एकदाच भेट देऊन कमीत कमी अंतरात परत कसं यायचं? इथे गावांच्या जागी राइड्स आहेत, आणि प्रत्येक राइडचा 'खर्च' दिवसाच्या वेळेनुसार बदलतो. सकाळी नऊला दहा मिनिटांची रांग दुपारी दीडला दीड तासाची होते. तेव्हा "हा काय विषय झाला?" असं तुम्हाला कुणी म्हणालं, तर हे उदाहरण लक्षात ठेवा.

१९९९ मध्ये कंपनीनं फास्टपास आणला. यंत्रातून एक चिठ्ठी घ्यायची आणि त्यावरच्या वेळेला परत यायचं. जादा पैसे नाहीत. २०१३-१४ मध्ये त्याची जागा फास्टपास प्लसनं घेतली. आता कंपनीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ६० दिवस आधी आणि बाकीच्यांना ३० दिवस आधी राइडची वेळ राखून ठेवता येऊ लागली. उपाहारगृहाचं आरक्षण तर बरीच वर्षं १८० दिवस आधी सुरू व्हायचं. म्हणजे जूनमध्ये कुठे जेवायचं हे डिसेंबरमध्ये ठरवायचं! ज्याला हे नियम ठाऊक, त्याची सहल सुखाची. ज्याला ठाऊक नाहीत, तो तेवढेच पैसे भरून उन्हात उभा.

मग कोविडच्या काळात, २०२० मध्ये, ही सोय थांबली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये रांग वाचवण्याची नवी सोय आली ती पैसे मोजून. एका अर्थानं कूपन परत आलं.

यातून माझी कालविभागणी तयार झाली. १९८२ पर्यंत पैसा, १९८२ ते १९९९ वेळ, १९९९ ते २०२० माहिती, आणि २०२१ पासून पुन्हा पैसा. स्वतंत्र संकेतस्थळांचा बहर तिसऱ्या टप्प्यातला आहे. हे गृहीतक आहे, निष्कर्ष नव्हे. त्याच्या विरोधातला पुरावाही नोंदवून ठेवला आहे: स्टीफन आणि ॲलेक्झांड्रा बर्नबॉम या दांपत्याची डिस्नेविषयीची अधिकृत मार्गदर्शकं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच निघू लागली होती. आणि २०२१ नंतरची सशुल्क पद्धतही इतकी गुंतागुंतीची आहे, की नियोजनाची गरज संपलेली नाही. आपल्या गृहीतकाच्या आड येणारी गोष्ट पहिल्याच महिन्यात लिहून ठेवा. परीक्षक ती शोधतातच.

कालविभागणीबद्दल एक सल्ला. डिजिटल विषय घेतला की विद्यार्थी हमखास तंत्रज्ञानाप्रमाणे टप्पे पाडतात: डायल-अप, ब्रॉडबँड, स्मार्टफोन. टप्पे आपल्या प्रश्नातून आले पाहिजेत. माझा प्रश्न माहितीच्या किमतीचा आहे, म्हणून टप्पेही किमतीचे.

जोडपंच का?

आता संकेतस्थळ चालवणाऱ्यांकडे वळू. इंटरनेटवर आधी चर्चागट होते. नंतर व्यक्तिगत पानं आली. डेब विल्स यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं अनधिकृत माहितीपान हे त्यातलं नावाजलेलं उदाहरण, पुढे ते 'ऑलइअर्स'मध्ये मिसळलं. आणि १९९०च्या दशकाच्या शेवटी मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथून जेनिफर आणि डेव्ह मार्क्स यांनी 'पासपोर्टर' हे मार्गदर्शक आणि त्यासोबतचं संकेतस्थळ उभं केलं.

पासपोर्टरच्या पुस्तकाकडे वस्तू म्हणून बघा. त्यात दिवसागणिक कागदी खिसे आहेत. त्या दिवसाचा बेत खिशावर लिहायचा, खर्च मांडायचा आणि पावत्या आत ठेवायच्या. म्हणजे हे पुस्तक वाचकानं पूर्ण करायचं आहे. वापरलेली अशी एखादी प्रत हाती आली, तर इतिहासकाराला ती दफ्तरासारखी आहे: छापील सल्ला एका बाजूला, कुटुंबानं प्रत्यक्ष काय केलं ते दुसऱ्या बाजूला.

जोडप्यांनी प्रवासाची पुस्तकं काढणं नवं नाही. टोनी आणि मॉरीन व्हीलर यांनी १९७३ मध्ये सिडनीत 'अक्रॉस एशिया ऑन द चीप' हे छोटं पुस्तक घरच्या घरी तयार केलं आणि त्यातून लोनली प्लॅनेट उभं राहिलं. मग जोडपंच का, हा प्रश्न रास्त आहे.

"दोघांना आवड होती" हे उत्तर खरं असेल, पण पुरेसं नाही. आवड अनेकांना असते. मला तीन शक्यता तपासाव्याशा वाटतात.

एक, विमा आणि पगार. अमेरिकेत बहुतेक नोकरदारांचा आरोग्य विमा नोकरीला जोडलेला असतो. दोघांपैकी एकाची नोकरी टिकली, तर दुसऱ्याला बेभरवशाच्या कामात उडी घेता येते. 'स्वतंत्र' संकेतस्थळामागे कुणाची तरी महिन्याची पगारपत्रिका उभी असू शकते.

दोन, घरातलं श्रमविभाजन. कुणी लिहितं, कुणी सर्व्हर सांभाळतं, कुणी फोटो काढतं, कुणी वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतं. यातली कोणती कामं 'काम' म्हणून मोजली जातात? समाजशास्त्रज्ञ आर्ली होक्शिल्ड यांनी १९८९ मध्ये 'सेकंड शिफ्ट' म्हणजे नोकरीनंतर घरी सुरू होणाऱ्या पाळीबद्दल लिहिलं. कुटुंबाच्या सहलीचा बेत आखणं, कोण काय खातं ते लक्षात ठेवणं, कोण कधी दमतं ते ओळखणं, हेही त्याच पाळीतलं काम. नियोजनाचं संकेतस्थळ हजारो घरांतली ही पाळी थोडी हलकी करतं. आणि ते चालवणाऱ्या घरात मात्र तिसरी पाळी सुरू होते.

तीन, सहलच कच्चा माल. घरच्यांसोबतची सुट्टी ही लेखासाठीची पाहणीही असते. मुलाची उंची वाढली की त्या उंचीला चालणाऱ्या राइड्सवर लेख. सुट्टी कुठे संपते आणि काम कुठे सुरू होतं, हे सांगता येत नाही. तिझियाना तेरानोव्हा यांनी २००० साली इंटरनेटवरच्या 'फुकट श्रमा'बद्दल मांडणी केली, ती इथे उपयोगी पडते. पण जशीच्या तशी लावू नका. या जोडप्यांना थोडंफार उत्पन्न होतं, आणि आनंदही. सिद्धांत हा चष्मा आहे. चष्म्याच्या नंबराप्रमाणे डोळे बदलायचे नसतात.

'स्वतंत्र' या शब्दाची झडती

'स्वतंत्र', 'अनधिकृत' हे शब्द ही पानं अभिमानानं मिरवतात. अशा शब्दाची तीन बाजूंनी झडती घ्यावी. परवानगी: मजकूर छापण्याआधी कंपनी बघते का? पैसा: उत्पन्न कुठून येतं? प्रवेश: नव्या राइडच्या उद्घाटनाचं आमंत्रण कोण देतं, आणि वाईट लिहिलं तर पुढचं आमंत्रण येईल का?

पैशाचा इतिहास इथे महत्त्वाचा. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या विमान कंपन्यांनी ट्रॅव्हल एजंटांच्या कमिशनवर मर्यादा घातली आणि २००२ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी मूळ कमिशन जवळपास बंद केलं. एजंट मग क्रूझ आणि पॅकेज सहलींकडे वळले, कारण तिथे कमिशन शिल्लक होतं. त्यांना गिऱ्हाईक हवं होतं आणि नियोजनाच्या संकेतस्थळांकडे वाचक होते. २००३ मध्ये गुगलचं ॲडसेन्स आलं आणि छोट्या पानांनाही जाहिराती मिळू लागल्या. २००९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं सुधारित मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली: मोबदला किंवा फुकट वस्तू घेऊन शिफारस करत असाल, तर वाचकाला सांगा. त्यानंतर पानांच्या तळाशी खुलासे दिसू लागले. इतिहासकारासाठी हे खुलासे सोन्यासारखे आहेत, कारण आधी अदृश्य असलेलं नातं त्यांतून लेखी स्वरूपात समोर येतं.

आपल्याकडची एक तुलना मला मदतीची वाटते. त्र्यंबकेश्वर, नाशिकचे तीर्थोपाध्याय. यात्रेकरूची व्यवस्था बघणं, विधी समजावणं, आणि घराण्यांच्या नामावळी पिढ्यानपिढ्या वहीत जपणं. तेही कुटुंबानं चालवलेलं मार्गदर्शनाचंच काम. पण उपाध्यायाकडे परंपरेनं आलेला हक्क असतो आणि वही असते. संकेतस्थळ चालवणाऱ्या जोडप्याकडे हक्क नाही. कंपनीनं उद्या नियम बदलला, तर त्यांनी लिहिलेलं सगळं एका सकाळीत शिळं होतं. आणि वही? तिची गोष्ट पुढे.

जुनं पान म्हणजे चुकीचं पान

या कामातला मोठा भाग नवं लिहिण्याचा नाही, जुनं दुरुस्त करण्याचा आहे. फास्टपास गेला, तर शेकडो पानांवरचे उल्लेख बदला. तिकिटाचे दर वाढले, तक्ते बदला. जुना मजकूर तसाच ठेवला तर एखादं कुटुंब चुकीच्या माहितीवर हजारो डॉलर खर्च करेल. म्हणून प्रामाणिक संकेतस्थळ जुनं पुसतं आणि त्यावर नवं लिहितं.

इथे त्यांचा प्रामाणिकपणा आणि आपली गरज एकमेकांच्या आड येतात. वाचकाशी ते जितके इमानदार, तितका आपला पुरावा कमी. उपाध्यायाच्या वहीत नवी नोंद जुनीच्या खाली येते. संकेतस्थळावर ती जुनीच्या *जागी* येते.

मग पुरावा कुठे? इंटरनेट अर्काइव्ह १९९६ पासून जालपानं साठवतं आणि २००१ पासून त्याचं वेबॅक मशीन सगळ्यांना खुलं आहे. पण ते वापरताना सावध राहा. ठरावीक दिवशीच नोंद झालेली असते, मधले बदल गायब असतात. एकाच पानावरचा मजकूर आणि चित्रं वेगवेगळ्या तारखांना साठवलेली असू शकतात, त्यामुळे तुम्ही बघता ते पान तसंच्या तसं कुणी कधी पाहिलंच नसेल. याहूला विकलं गेलेलं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, तेव्हा असंख्य घरगुती पानं गेली. स्वयंसेवकांनी जमेल तेवढी उतरवून घेतली म्हणून काही उरली. इतिहासकार इयन मिलिगन यांनी २०१९ च्या पुस्तकात डिजिटल विपुलतेचा प्रश्न मांडला आहे. माझ्या विषयात विपुलता आणि दुष्काळ शेजारी शेजारी नांदतात.

'आम्ही' की 'आपण'?

हाती आलेली पानं वाचायची कशी? एक पद्धत सांगतो, आणि ती मराठीमुळे सुचली आहे.

एखाद्या संकेतस्थळाचं 'आमच्याविषयी' हे पान निरनिराळ्या वर्षांतलं काढा आणि सर्वनामांवर खुणा करा. 'मी' कधी आहे, कधी संपतो, 'आमचा चमू' कधी येतो. सुरुवातीला दोघांची नावं असतात का? नंतर एकाच्या नावानं लेख आणि दुसऱ्याचा उल्लेख फक्त आभारात, असं होतं का? श्रेय कुणाच्या नावावर जमा झालं, हे इथे दिसतं.

आता इंग्रजी 'वुई' मराठीत आणा. लगेच अडायला होतं. तो 'आम्ही' आहे की 'आपण'? 'आम्ही तिथे राहिलो' यात वाचक बाहेर आहे. 'आपण सकाळी लवकर निघू' यात वाचक आत आला. इंग्रजीला हा भेद करावा लागत नाही, मराठीला करावाच लागतो. म्हणून मी प्रत्येक 'वुई'पुढे समासात 'आ' किंवा 'आप' लिहितो. जिथे ठरवता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह. ती प्रश्नचिन्हंच जास्त बोलकी. जोडपं, वाचक आणि काही वेळा कंपनीसुद्धा एकाच 'वुई'मध्ये मिसळलेली असते. स्वतंत्र म्हणवणाऱ्या पानावर कंपनीची बढाई 'आपली' होऊन येते, ती जागा सापडते ती अशी. इंग्रजी साधनांवर मराठीतून काम करणं ही अडचण आहे असं अनेकांना वाटतं. इथे तेच हत्यार आहे.

शेवटी जबाबदारी

ही माणसं हयात आहेत. पान सार्वजनिक असलं, तरी त्यावरचं आजारपण, मुलांचे फोटो, पैशांची ओढाताण आपल्या तळटीपेसाठी लिहिलेली नव्हती. इंटरनेट संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००२ पासून नैतिकतेची मार्गदर्शक तत्त्वं वेळोवेळी प्रसिद्ध केली आहेत, ती वाचा. माझा नियम साधा आहे: ज्यांनी पुस्तक काढून आपलं नाव सार्वजनिक केलं, त्यांचं नाव घ्यायचं. बाकीच्यांचं काम उद्धृत करण्याआधी विचारायचं. मुलांना पूर्ण वगळायचं.

यातून काय पणाला लागलं आहे? पुढे डिस्ने वर्ल्डचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा कंपनीचं दप्तर तयार असेल, नकाशे, करार, जाहिराती. लाखो कुटुंबांची सहल प्रत्यक्षात सुसह्य करणाऱ्या, स्वयंपाकघरातल्या टेबलावर रात्री उशिरा तक्ते दुरुस्त करणाऱ्या दोघांचं दप्तर कुठेच नसेल. कंपनीचं ॲप जसजसं नियोजन स्वतःकडे घेईल, तसतसं हे काम मुळात कुणीतरी करत होतं, हेही विसरलं जाईल.

म्हणून आजच एक करा. तुमच्या विषयातलं घरून चालवलेलं एखादं पान निवडा: रेल्वेच्या वेळापत्रकाचं, गडकिल्ल्यांच्या वाटांचं, स्पर्धापरीक्षांच्या टिपणांचं. ते वेबॅकमध्ये साठवा, तारीख लिहून ठेवा, आणि चालवणाऱ्यांशी संपर्क झाला तर पहिला प्रश्न एवढाच विचारा: "हे काम घरात कोण कोण करतं?" उत्तरात जे नाव पानावर दिसत नाही, तिथून तुमचा प्रबंध सुरू होऊ शकतो.